फारूख इनामदारांचे पाच स्पीकर

"आवाज चांगला आहे, पण जरा जाड वाटतो," एवढंच फारूख इनामदार मेव्हण्याच्या घरी बोलले. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानं जेवावं, कौतुक करावं आणि परत यावं. मत देण्याची तिथं कुणी सक्ती केलेली नव्हती. पण मेव्हण्यानं, म्हणजे मोईननं, नव्या बंगल्यात खास सिनेमासाठी खोली काढली होती. तिच्यात मागं कलंडणाऱ्या सहा खुर्च्या होत्या, भिंतीभर पडदा होता आणि घोड्यांच्या टापा उजव्या कानातून शिरून डाव्या कानातून बाहेर पडत होत्या. मोईन शेंद्र्याच्या कारखान्यांना लोखंडी रॅक पुरवतो, त्याचं बरं चाललेलं आहे. सगळे जण वा वा करत होते. अशा वेळी, जमिनीच्या नकला देणाऱ्या कार्यालयात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला एखादी त्रुटी काढल्याशिवाय राहवेना.

"जाड म्हणजे कसा, दूल्हेभाई?" मोईननं विचारलं.

जाड म्हणजे कसा, हे फारूखभाईंनाही ठाऊक नव्हतं. "म्हणजे शब्द सुटे येत नाहीत," ते म्हणाले.

"मग तुम्हीच लावा की घरी. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे येतो, सुटे शब्द ऐकायला."

मोईनची बायको कहकशा हसली. फारूखभाईंची स्वतःची बायको महेजबीन, तीही हसली, आणि ते जास्त लागलं. "या," फारूखभाई म्हणाले.

महेजबीन फुलंब्रीच्या शाळेत गणित शिकवते. ती गप्प असली की मनात हिशोब चाललेला असतो. परत येताना स्कूटर बीड बायपासला वळल्यावर ती मागून म्हणाली, "पस्तीस हजार."

"कसले?"

"नव्या सोफ्यासाठी ठेवलेत तेच. त्यावर एक रुपया गेला तरी ते सामान जिन्याखाली राहील."

आता यात मेव्हण्याची जिरवण्याचा भाग होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण फारूखभाईंच्या मनात दुसरी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. त्यांची आई कमरुन्निसा, वय शहात्तर, आयुष्यभर सिनेमाची शौकीन. अलीकडं टीव्हीसमोर बसली की दर दोन मिनिटांनी विचारायची, "क्या बोल्या रे उने?" एका रविवारी अकराव्या वेळेला फारूखभाईंनी उत्तर दिलं, "अम्मी, पहले उसको बोलने तो दो." शब्द साधेच होते. सूर मात्र कार्यालयातल्या खिडकीवरचा होता. दुसऱ्या दिवसापासून अम्मी आपल्या खोलीत तसबीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बसायला लागली, गुडघे दुखतात म्हणाली. गुडघ्यांचा आणि टीव्हीचा काय संबंध, हे विचारायची घरात कुणाची हिंमत झाली नाही. याला चार महिने झाले होते.

कानही तपासून आणले होते. डॉक्टर म्हणाले होते, कान वयाच्या मानानं उत्तम आहेत. हल्लीचे टीव्हीच इतके पातळ, की त्यांचे स्पीकर भिंतीकडं तोंड करून बोलतात. भिंतीला सगळं समजतं, माणसाला समजत नाही.

तर कामाला सुरुवात झाली ती फाईलपासून. फारूखभाईंनी एक नवी फाईल घेतली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'घरगुती ध्वनिव्यवस्था' असं लिहिलं आणि आठवडाभर मोबाईलवर तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहिले. पहिला तज्ज्ञ म्हणाला, पैसा ॲम्प्लिफायरमध्ये घाला, स्पीकर कसलेही चालतात. दुसरा म्हणाला, पैसा स्पीकरमध्ये घाला, ॲम्प्लिफायर कसलाही चालतो. तिसरा म्हणाला, आधी खोली बदला. फारूखभाईंनी कार्यालयीन शिरस्त्याप्रमाणं तुलनात्मक तक्ता तयार केला. कंपनी, किंमत, वजन, वॅट असे रकाने पाडले. शेवटचा रकाना ओहमचा होता. ओहम म्हणजे काय ते त्यांना नीट कळलं नाही, म्हणून त्या रकान्यात त्यांनी सर्वत्र 'माहितीस्तव' असं लिहिलं.

अपार्टमेंटमध्ये तीन मजले आणि बारा बिऱ्हाडं. बातमी दोन दिवसांत गच्चीपर्यंत पोचली. सोसायटीचे सेक्रेटरी संघपाल, बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन गृहस्थ, जिन्यात थांबवून म्हणाले, "इनामदारसाहेब, तुमच्या हॉलमध्ये आवाज घुमणार. जाड पडदे लागतील." खालच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई म्हणाल्या, "भाऊ, आणा बापा काय आणायचं ते, पण लई मोठं आणू नका. माझी भांडी सासूच्या काळची हायेत." त्यांचा मुलगा गोकुळ लग्नांमध्ये साऊंड लावायचं काम करतो. त्याचा प्रश्न सरळ होता.

"भाई, वॅट किती?"

"शंभर म्हणतात."

"शंभरात काय व्हतं? वरात पुढच्या चौकात असली तरी इकडं कळलं पाहिजे."

"वरात नाही रे, घरात बसून सिनेमा बघायचाय."

गोकुळनं विचार केला. "मंग माझे दोन मोठे बॉक्स देतो. जनरेटर फुकट."

जनरेटर फारूखभाईंनी नम्रपणे नाकारला. संघपालांचा पडद्याचा सल्ला मात्र महेजबीनला पटला, आणि ती गुलमंडीवरून मखमली कापड घेऊन आली. ठाणातला शेवटचा तुकडा म्हणून स्वस्त मिळालं, पण तुकडा एकोणीस मीटरचा होता. ते लावल्यावर हॉलमध्ये भरदुपारी दिवा लावायची वेळ आली आणि पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "कार्यक्रम आहे का काही?"

खरेदी पैठण गेटजवळच्या एका दुकानात झाली. दुकानदार गोड बोलणारा होता. त्यानं मांडणीवरचा एक ॲम्प्लिफायर काढून दिला. हा फक्त दाखवायला ठेवला होता, म्हणून किंमत कमी, बाकी नवाच समजा, म्हणाला. स्पीकर वेगळ्या कंपनीचे. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन, मधे एक, पाठीमागं दोन, असे पाच. शिवाय जमिनीवर ठेवायचा एक मोठा खोका, त्याचं काम फक्त धडधड करणं. फारूखभाईंनी तक्ता दाखवला. दुकानदारानं तो आदरानं पाहिला, वजनाच्या रकान्याचं विशेष कौतुक केलं, आणि सगळं मिळून पस्तीस हजारांच्या आत बसवून दिलं. फारूखभाई रिक्षात खोक्यांच्या मधे बसून आले तेव्हा त्यांना बऱ्याच वर्षांनी आपण कर्तबगार असल्यासारखं वाटलं.

अडचण मागच्या दोन स्पीकरांनी सुरू केली. सोफा भिंतीला टेकलेला, त्यामुळं ते भिंतीवरच टांगावे लागणार होते, आणि भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची परवानगी हवी. संघपालांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "अर्ज द्या." फारूखभाईंनी अर्ज दिला. पंचवीस वर्षं अर्ज वाचणाऱ्या माणसानं लिहिलेला, त्यात काना-मात्रेची चूक निघणं शक्य नव्हतं. संघपालांनी तो दोनदा वाचला.

"सगळं व्यवस्थित आहे. पण भिंतीचा नकाशा जोडलेला नाही."

फारूखभाईंना राग आला, आणि त्याच वेळी मनातल्या मनात त्यांनी त्या त्रुटीला दादही दिली. ही त्रुटी त्यांनाही सुचली असती. पण नकाशा मिळेना, बिल्डर आता पुण्याला असतो. शेवटी महेजबीननं वहीच्या पानावर भिंत काढून दिली, मोजमापासह. परवानगी मिळाली. गोकुळ ड्रिल घेऊन आला. पहिलं भोक उत्तम पडलं. दुसऱ्या भोकातून पाणी आलं.

भिंतीपलीकडं न्हाणीघर होतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पाइप नेमका तिथूनच जातो हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि वहीच्या पानावरही तो नव्हता. पाण्याची बारीक पण जोरदार धार थेट मखमली पडद्यावर जाऊ लागली. गोकुळ म्हणाला, "भाई, हात लावा, आलोच," आणि मुख्य कॉक बंद करायला पळाला. कॉक गच्चीवर होता. गच्चीची किल्ली संघपालांकडं होती. संघपाल भाजी आणायला गेले होते.

फारूखभाई पंचवीस मिनिटं भिंतीला तळवा लावून उभे होते. या काळात द्वारकाबाई येऊन पाहून गेल्या. समोरचं कुटुंब येऊन पाहून गेलं, सोबत त्यांच्याकडं आलेले पाहुणेही होते. आवाज ऐकून अम्मी खोलीतून बाहेर आली. तिनं मुलाकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

"दीवार गिर री क्या रे?"

"नाही अम्मी. पाणी आहे."

"हौ," ती म्हणाली, आणि एक पातेलं आणून त्याच्या कोपराखाली ठेवून गेली. गुडघे दुखत असल्याचं त्या वेळी काही दिसलं नाही.

पाइप दुरुस्त झाला, भोकं बुजली, मागचे स्पीकर दोन स्टुलांवर आले. मग एका संध्याकाळी गोकुळनं सगळ्या वायरी जोडल्या आणि पहिल्यांदा बटण दाबलं. तो क्षण खरोखर देखणा होता. पडद्यावर ढग गडगडले आणि हॉलमध्येही गडगडले. फारूखभाईंच्या अंगावर काटा आला. काटा पुरता बसायच्या आत दारात द्वारकाबाई उभ्या होत्या, हातात पितळी डब्याचं झाकण.

"भाऊ, वरून कोण उड्या मारायलंय? माझा डबा फडताळातून चालत आला अन् खाली पडला."

धडधडीचा खोका त्याच वेळी बाल्कनीत गेला. महेजबीननं त्याच्यावर कपडे धुण्याची पावडर आणि चिमट्यांची परडी ठेवली. त्यासाठी उंची अगदी सोयीची होती.

उरलेले पाच स्पीकर बरोबर चार मिनिटं वाजले. मग ॲम्प्लिफायरनं आतून टक्क असा आवाज केला आणि तो गप्प झाला. पुन्हा लावला, पुन्हा चार मिनिटं, पुन्हा टक्क. गोकुळनं एक स्पीकर उलटा केला, पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं, मग ॲम्प्लिफायरच्या पाठीवरचं वाचलं.

"भाई, ह्यो स्पीकर चार ओहमचा हाय. अन् हे मशीन म्हणतंय, सहाच्या खाली जमणार नाय. पाची जणं मिळून त्याच्याकडून झेपंना तेवढा करंट वढायलेत. जळू नये म्हणून ते आपलं आपण बंद पडायलंय. ओहम बघितलं नव्हतं व्हय?"

"बघितलं होतं," फारूखभाई म्हणाले.

रविवार पाच दिवसांवर आला होता. फारूखभाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ॲम्प्लिफायर चादरीत गुंडाळून दुकानात नेला. दुकानदार आधीइतकाच गोड होता.

"बदलून देऊ की. खोकं आणलंय ना, मूळचं?"

मूळचं खोकं महेजबीननं भंगारवाल्याला दिलं होतं.

"बरं, वॉरंटी कार्ड तरी? अच्छा. पण याच्यावर शिक्का नाही."

"शिक्का तुम्ही मारायचा असतो."

"मारायचा असतो ना. पण तो गिऱ्हाईकानं मागायचा असतो. आणि दाखवायला ठेवलेला माल परत होत नाही, ते बिलाच्या मागं छापलंय. आमचा नाइलाज आहे, साहेब. आमच्या हातात असतं तर आम्ही दिलं नसतं का?"

दुकानदारानं हे सगळं अत्यंत शांतपणे, कुठंही आवाज न चढवता सांगितलं. फारूखभाई ते ऐकत राहिले. शब्द, क्रम, अगदी शेवटचा तो नाइलाजाचा सुस्कारासुद्धा त्यांच्या ओळखीचा होता. वाद घालण्यात अर्थ नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? चादर उचलून ते बाहेर आले आणि समोरच्या टपरीवर चहा घेत बराच वेळ बसले. दुसऱ्या दिवशी खिडकीवर फुलंब्रीकडचा एक शेतकरी आला, तिसऱ्यांदा आला होता. फारूखभाईंनी लागणारे सगळे कागद एका चिठ्ठीवर एकदमच लिहून दिले. माणूस चिठ्ठीकडं पाहत उभाच राहिला. त्याला वाटलं, काहीतरी दगाफटका आहे.

शनिवारी गोकुळ पुन्हा आला. आता उपाय एकच, तो म्हणाला. एकेक स्पीकर सोडवत जायचं आणि मशीन किती जणांना सांभाळतंय ते पाहायचं. मागचे दोन काढले. दहा मिनिटांनी टक्क. बाजूचा एक काढला. वीस मिनिटांनी टक्क. शेवटी एकच राहिला, मधला. तो तासभर वाजला तरी मशीन काही बोललं नाही. पण ऐकायला काहीतरी चमत्कारिक वाटत होतं. पडद्यावर माणसं बोलत, ते स्वच्छ ऐकू येई. मग मोटार उलटे, तिचा आवाजच नाही. नायक खलनायकाला काचेच्या दारातून फेकी, अगदी शांततेत.

"संगीत अन् मारामारी बाजूच्या स्पीकरात असती," गोकुळनं समजावलं. "मधल्यात निस्तं बोलणं. बाजूचे जोडले नायत, तर ते कुठून ऐकू येईल?"

"मग हा काय सिनेमा झाला?" फारूखभाई म्हणाले.

"उद्याच्याला येवढंच जमतंय, भाई."

त्या मधल्या स्पीकरची वायरही सोडवण्या-जोडण्याच्या गडबडीत कापली जाऊन तोकडी झाली होती. तो टीव्हीखाली पोचेना. ॲम्प्लिफायर कोपऱ्यात होता, तिथून हातभर अंतरावर एक स्टूल ठेवून त्यावर स्पीकर बसवावा लागला. त्या कोपऱ्यात पूर्वी अम्मीची खुर्ची असे.

रविवारी दुपारी मोईन, कहकशा आणि त्यांच्या दोन मुली आल्या. बिर्याणी झाली. द्वारकाबाई तळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन आल्या आणि तिथंच बसल्या. मोईननं मखमली पडद्यांना हात लावून पाहिला, एका स्टुलावरच्या एका स्पीकरकडं पाहिलं, बाकीचे कुठं आहेत हे विचारायचं टाळलं. त्याचं ते न विचारणं फारूखभाईंना विचारण्यापेक्षा वाईट वाटलं.

ते उठून अम्मीच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसली होती.

"अम्मी, चलो ना बाहर. सिनेमा लावतोय."

"मेरे घुटने दुखते ना रे."

"खुर्ची तुमचीच आहे. तिथंच ठेवलीय." फारूखभाई दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिले. "अम्मी, त्या दिवशी मी जे बोललो..."

"किस दिन?" अम्मी म्हणाली.

कोणत्या दिवशी ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. अम्मीनं तसबीह उशीखाली ठेवली आणि उठण्यासाठी हात पुढं केला.

सिनेमा सुरू झाला. अम्मीच्या कानापासून दीड हातावर स्पीकर. पहिली पाच मिनिटं गेली, दहा गेली. फारूखभाई पडद्याकडं पाहतच नव्हते, आईकडं पाहत होते. ती मांडीवर हात ठेवून, मान किंचित कलती करून ऐकत होती आणि एकदाही तिनं क्या बोल्या म्हणून विचारलं नव्हतं. मधे नि:शब्द मारामारी झाली. मोईन खोकला. मुली एकमेकींकडं पाहून हसल्या. फारूखभाईंना त्याचं काही वाटेना.

अर्ध्या तासानं अम्मी बोलली. "फारूख."

"जी, अम्मी."

"ये लोगां हमेशा ऐसाच बोलते क्या?"

"कैसा?"

"इत्ता फुजूल?"

हॉलमध्ये शांतता पसरली. पडद्यावरही तेव्हा एक पूल कोसळत होता, त्यामुळं शांतताच होती.

"मेरे को आधा सुनाई नै आता था ना," अम्मी सांगू लागली, "तो बाकी का मैं दिल से भर लेती थी. मेरा वाला विलन इससे हुशार था. और ये लड़की," तिनं नायिकेकडं बोट दाखवलं, "ये इत्ता रोती नै थी. ये उसको कब का छोड़ के चली गई होती."

"कुठं गेली असती?" द्वारकाबाईंनी विचारलं. कुरडई त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

"नांदेड. खाला के पास. खाला सिलाई का काम करती ना."

सिनेमात कुठलीही खाला, म्हणजे मावशी, नव्हती. पण पुढची दहा मिनिटं पडद्यावर पाठलाग होता, मोटारी आवाज न करता धावत होत्या, आणि तेवढ्या वेळात अम्मीनं त्या मुलीला नांदेडला पोचवलं, दोन शिलाई मशीनं घेऊन दिली आणि खलनायकाच्या आईला तिच्याकडं ब्लाउज शिवायला पाठवलं. बोलणं सुरू झालं की ती थांबे, पात्रं काय म्हणतात ते नीट ऐकून घेई, नापसंतीनं मान हलवी. मारामारी आली की पुन्हा आपली गोष्ट पुढं नेई. मोईन केव्हातरी सोफ्यावरून उतरून तिच्या खुर्चीपाशी सतरंजीवर येऊन बसला. "मग अम्मीजान, तिनं ओळखलं का, ही कुणाची आई ते?" तो विचारत होता. पडद्याकडं आता कुणाचंच लक्ष नव्हतं. महेजबीन स्वयंपाकघराच्या दारात हातात पुसणं घेऊन उभी होती, आणि तिचाही हिशोब थांबला होता.

तेव्हापासून अम्मी रोज दुपारी चार वाजता कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसते. द्वारकाबाई भांडी आवरून वर येतात. रविवारी मोईनचं कुटुंब येतं. कहकशा म्हणते, त्यांच्या सिनेमाच्या खोलीतल्या खुर्च्यांवर हल्ली इस्त्रीचे कपडे असतात.

परवा गोकुळचा फोन आला. त्याला एका हॉटेलवाल्याचा जुना, दणकट ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळतोय. चार ओहमचे पाचही स्पीकर आरामात वाजवील, टक्क करणार नाही. फारूखभाईंना मोह झाला. फोन हातात धरूनच त्यांनी अम्मीला विचारलं, सगळे स्पीकर जोडून घेऊ का, मारामारीचा, गाण्यांचा, सगळाच आवाज येईल.

अम्मीनं द्वारकाबाईंकडं पाहिलं. मग मुलाकडं.

"नक्को रे बाबा," ती म्हणाली. "मारामारी का आवाज आया तो मैं कब बोलूँ?"

फारूखभाईंनी गोकुळला नको म्हणून कळवलं आणि चहा टाकायला आत गेले.